क्रीडागृहाची लांकडी जमीन

बॅडमिंटनच्या लांकडी जमिनीवर खेळावयास उतरण्यापूर्वीं ती खेळणाऱ्या मुलानेंच झाडून घ्यावी, असें आमचें मत आहे. तें आम्हीं एकदां पालकांच्या सभेंत बोलून दाखविलें, तेव्हां एका गृहस्थांनीं शांतपणें विचारिलें, "सर, आम्ही मुलास शाळेंत झाडू मारावयास पाठवितों काय?" त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देतों.

झाड तोडिल्यावरही लांकूड हवेंतील ओलावा घेतें व सोडतें. फळी लांबीनें फारशी वाढत नाहीं, रुंदीनें मात्र फुगते. म्हणूनच जाणता कारागीर भिंतीच्या कडेनें थोडी जागा मोकळी सोडितो. उत्तर अमेरिकेंत अशा जमिनी बहुधा मेपल लांकडाच्या करितात, आणि क्रीडागृहांतील हवेची आर्द्रता शेंकडा 35 ते 50 असावी असें तेथील जाणकार सांगतात. आपल्या पनवेलींत श्रावणांत ती शेंकडा 80 च्याही वर जाते. कपाटांतील चामड्याच्या जोड्यांस बुरशी येते, तेथें लांकडाची काय कथा! मग जमीन सांभाळावी म्हणून पुष्कळ ठिकाणीं पावसाळाभर क्रीडागृहास कुलूप घालितात. यासारखी दुसरी चूक नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका क्रीडागृहाचें दार दोन महिने उघडलें नाहीं. छपराची गळती कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं, आणि गणपतीनंतर पाहतों तों मधल्या फळ्या कमानीसारख्या उचलल्या होत्या! पाऊस कोसळत असतां खिडक्या उघडूं नयेत हें खरें. पण पंखे चालावे, ओलावा शोषणारें यंत्र असल्यास तें लावावें, आणि रोज कोणीतरी आंत फिरून पाहावें. मैदानांत चिखल असतो त्याच महिन्यांत मुलांस या जागेची खरी गरज असते.

दुसरा शत्रु रेती. जोड्याच्या तळव्यास चिकटलेला कण वार्निशावर काचकागदासारखा घांसतो, आणि वार्निश गेलें कीं घाम थेट लांकडांत मुरतो. वार्निशाचा नवा हात वर्षास देतां येतो. जमीन तासून नवी करणें मात्र थोडक्याच वेळां शक्य असतें, कारण दर तासणीस फळी पातळ होते. बादलीभर पाण्यानें फरशीसारखी ती धुणें हा तर अत्याचारच. रुंद कोरडा सुती कुंचा, आणि घामाचा थेंब पडल्यास लगेच कोरडें फडकें, एवढें पुरतें. खेळाचे जोडे निराळे असावे व ते दारांतच घालावे. स्नेहसंमेलनाच्या लोखंडी खुर्च्यांविषयीं आम्ही मुख्याध्यापकांशीं स्वतंत्रपणें भांडूं.

आतां त्या गृहस्थांचा प्रश्न. शिपाई सकाळीं एकदां झाडतो. रेती दर तासास येते, आणि ती मुलांच्याच पायांबरोबर येते. शिवाय सैल झालेली फळी किंवा ओला डाग झाडणाऱ्याच्या डोळ्यांस आधीं दिसतो. तो न दिसला तर धांवणाऱ्याच्या घोट्यास कळतो. आपल्या तालमींत पहिलवान आखाड्याची माती स्वतः खणितो, तींत ताक, तेल व हळद घालितो. मल्लखांबास एरंडेल चोळितात तेही खेळाडूच. तें काम हलकें आहे असें कोणत्या बापास वाटलें? लांकडी जमीन परदेशांतून आली, म्हणून तिची सेवा दुसऱ्यानें करावी काय?

येत्या सत्रापासून खेळाच्या तासास मुलांनीं दहा मिनिटें आधीं यावें. कुंचे आम्हीं चार आणून ठेविले आहेत.