फुलांची हमी

जपानच्या सहलीची चौकशी करायला आलेला माणूस आधी पैशांचे विचारील, असे कोणालाही वाटेल. पण पैशांचे तो दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फुले नक्की दिसतील ना?" आणि त्यातल्या 'नक्की'वर असा काही जोर असतो, की जणू एक एप्रिलला सकाळी नऊ वाजता हजर राहण्याविषयी साकुराच्या झाडांना मीच नोटीस बजावून ठेवली आहे!

एका स्नेह्याची लहानशी प्रवासी संस्था आहे. तिच्यातर्फे गेली काही वर्षे मी सुट्ट्यांत दहा-दहा माणसांना घेऊन जपानात जातो. दिवाळीच्या सुट्टीत लाल पानांसाठी, नाताळानंतर बर्फासाठी. वसंतातली सहल मात्र नेमकी परीक्षांच्या धामधुमीत येते. त्या वेळी बिनपगारी रजा आणि प्राचार्यांची मुद्रा अशा दोन्ही गोष्टी सोसाव्या लागतात. मराठीच्या मास्तराचा जपानशी संबंध कुठून आला, असे कोणी विचारले तर हायकूमुळे आला, एवढेच सांगता येईल. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. तो वर्गात शिकवायचा तर जपानी हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असावा लागतो, हा संकेत सांगणे आले. या शब्दांचे जपानीत चक्क कोश आहेत. त्यांत चार ऋतूंचे चार भाग असतात आणि पाचवा भाग नववर्षाचा! दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' ज्यांनी प्रेमाने वाचले आहे, त्यांना अशा देशाची ओढ लागावी यात नवल नाही.

तर, फुलांची गोष्ट. टोकियोत वसंत आला की नाही, हे एक झाड ठरवते. यासुकुनी मंदिराच्या आवारात साकुराचे एक झाड हवामान खात्याने नेमून ठेवले आहे. मार्च उजाडला की खात्याचे लोक तिथे येऊन माना वर करून कळ्या पाहतात. पाच-सहा फुले उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याची घोषणा होते. भोवती दूरदर्शनचे कॅमेरे, बघ्यांची गर्दी, आणि अधिकारी मात्र निवडणुकीची मते मोजावीत अशा गांभीर्याने फुले मोजत असतो. पुढे आठ-दहा दिवसांत झाड ऐंशी टक्के फुलले की पूर्ण बहर. त्यानंतर एखादा आठवडा, आणि मध्ये वारापाऊस झाला तर तेवढाही नाही. शहरांत बहुतेक झाडे सोमेइ योशिनो या एकाच जातीची. ही जात बियांपासून वाढवत नाहीत. कलमावर कलम करून एकाच झाडाचा हा सारा विस्तार झालेला आहे. म्हणून एका गावातली झाडे एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. वेगवेगळ्या स्वभावाची झाडे असती तर माझ्यासारख्याची थोडी सोय झाली असती!

आता हिशेब पाहा. टोकियोत पहिली फुले २०२० साली १४ मार्चला उमलली. २०२१ मध्ये तीच तारीख, २०२३ मध्येही तीच. मग २०२४ साली एकदम २९ मार्च, आणि २०२५ मध्ये २४ मार्च. म्हणजे पंधरा दिवसांचा फरक. आणि विमानाची तिकिटे काढायची सहा महिने आधी. क्योटोला तर नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांत आणि दरबारी नोंदींत फुलांच्या समारंभांच्या तारखा सापडतात. अभ्यासकांनी त्या लावून पाहिल्या तेव्हा २०२१ सालचा २६ मार्चचा पूर्ण बहर हा बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा ठरला. हवा तापते आहे आणि झाडांना ते आपल्या आधी कळते आहे. अशा वेळी मी कोणाला काय म्हणून हमी द्यावी?

यावरून स्नेह्याशी माझा वाद आहे. "फुलांची हमी देता येत नाही," हे वाक्य माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापावे, असे माझे म्हणणे. तो म्हणतो, "सर, हे मागच्या पानावर बारीक अक्षरात घालू. लोक समजून घेतात." मला ते पटत नाही. आमच्याकडे येणारी मंडळी दरसाल परदेशी जाणारी नव्हेत. कोणी भविष्यनिर्वाह निधीतले पैसे काढलेले असतात, कोणी मुलीचे लग्न उरकल्यावर राहिलेले. जपान एकदाच, पुन्हा नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. अशा माणसाला गुलाबी छायाचित्र दाखवून पैसे घ्यायचे आणि टोकियोत उतरल्यावर हिरवी पाने दाखवायची, हा व्यवहार मला जमणार नाही. वाक्य पहिल्या पानावर गेले. त्या वर्षी दोन नावे गळाली. स्नेह्याने ती मला आवर्जून सांगितली.

२०२३ च्या सहलीत साठी उलटलेल्या एक काकू होत्या. खरे तर दोघांनी २०२० सालच्या वसंतात दुसऱ्या एका संस्थेतर्फे जायचे ठरवले होते. ती सहल महामारीने बुडाली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काका गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानने हिंडायला येणाऱ्यांना दारे पुरती उघडली, तेव्हा काकूंनी एकटीचे नाव नोंदवले. आम्ही एप्रिलच्या तीन तारखेला उतरलो. त्या वर्षीची तारीख वर दिलीच आहे; टोकियोतली झाडे पानावर आली होती. मंडळी काही बोलली नाहीत. पण बसमध्ये जी शांतता होती, ती मला परीक्षेचा कठीण पेपर हाती पडल्यावरच्या वर्गात ऐकू येते.

फुले खाली संपली की डोंगराकडे जायचे, हा साधा उपाय. दहाच माणसे असल्यामुळे बेत बदलता येतो. चाळीस असती तर खोल्या कुठून मिळाल्या असत्या? दुसऱ्या दिवशी आगगाडीने मात्सुमोतो गाठले. गाव सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या काळ्या किल्ल्याच्या खंदकाकाठी बहर ओसरत होता आणि पाण्यावर पाकळ्यांचा थर जमला होता. त्या थरालाही जपानीत नाव आहे: हाना-इकादा, फुलांचा तराफा. मी हे समजावून सांगत असताना काकूंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. काकांच्या अक्षरातला २०२० चा कार्यक्रम होता तो. २९ मार्चपुढे 'उएनो बाग' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"त्या वर्षी या तारखेला फुले कशी होती हो?" त्यांनी विचारले.

मला ते माहीत होते. त्या दिवशी टोकियोत फुललेल्या साकुरावर बर्फ पडले होते. मी तसे सांगितले.

काकू थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. "मग बरेच झाले," त्या म्हणाल्या. "यांना थंडी बाधायची. मफलर घ्या म्हटले असते तर घेतला नसता." त्यांनी कागदाची घडी होती तशी घातली आणि इथे चहा कुठे मिळेल, अशी चौकशी केली.

असो. जेवणाचे सांगायला हवे, नाहीतर गृहिणी-वाचक मला क्षमा करणार नाहीत. जपानात शाकाहार अवघड आहे तो मांसामुळे नव्हे. मांस ताटात दिसते तरी. अडचण 'दाशी'ची. हे तिथल्या स्वयंपाकातले मूळ पाणी. बहुतेक ठिकाणी वाळवलेल्या माशाचा कीस टाकून ते काढतात. मग तेच सुपात, तेच भाजीत, तेच शेवयांच्या वाटीत. वाढणारी बाई मनापासून सांगते की यात मासा नाही. आणि तिच्या दृष्टीने तो नसतोच. यावर उतारा बौद्ध मठांतले शोजिन जेवण. त्यात दाशी समुद्रातल्या कोंबू नावाच्या पाल्याची आणि वाळवलेल्या अळंब्यांची असते. पण मठात तिन्हीत्रिकाळ कोण जेवणार? म्हणून प्रत्येकाने मेतकुटाची पुडी बरोबर घ्यावी, अशी माझी सूचना असते. जपानी भात गरम आणि अंगासरशी चिकट असतो. आपल्या आसट भाताला विसरायला लावील असे ते जमते. आमच्या क्योटोच्या वाटाड्या बाईंनी एकदा चव पाहिली, आणि आता प्रत्येक खेपेला त्यांच्यासाठी वेगळी पुडी न्यावी लागते.

जूनमधल्या पावसाच्या सहलीला माणसे मिळत नाहीत. "पाऊस पाहायला पैसे खर्चून जपानला? दादरला काय कमी पडतो?" असे एका गृहस्थांनी विचारले, आणि त्यांना उत्तर देणे सोपे नव्हते. एकदाच सहा जणांना घेऊन गेलो. कामाकुराच्या मेइगेत्सु-इन मठाच्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आजिसाईचे निळे गेंद पावसात फुलतात. कोरड्या दिवशी तीच फुले मलूल वाटतात. खिडक्यांत पांढऱ्या फडक्याच्या बाहुल्या टांगलेल्या दिसल्या. उद्या ऊन पडावे म्हणून मुले त्या टांगतात. आपली मुले पावसाला पैशाचे आमिष दाखवून बोलावतात, त्यांची बाहुली टांगून त्याला थांबवतात.

पूर्वी हवामान खाते फुलांबरोबर पहिली पाकोळी, पहिला रातकिडा यांसारख्या प्राण्यांच्याही तारखा नोंदवत असे. १९५३ पासून देशभर एका पद्धतीने हे चालले होते. २०२१ पासून वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या सत्तावन्न नोंदींपैकी सहाच वनस्पतींच्या उरल्या: उमे, साकुरा, आजिसाई, सुसुकी गवत, गिंको आणि मेपल. शहरांच्या आसपास बाकीचे शोधूनही सापडेनासे झाले, हे कारण. प्राणी तर सगळेच वगळले. आमच्या सहलींचे वेळापत्रकही आता या सहांपलीकडे जात नाही.

त्यांपैकी सुसुकी हे शरदातले गवत. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला त्याचे तुरे फुलदाणीत ठेवून, तांदळाच्या गोळ्यांचा नैवेद्य मांडून जपानी लोक चंद्र पाहतात. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा आपल्या कोजागरीच्या महिनाभर आधी येते. पण २०२५ साली ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आल्या. चंद्रावर त्यांनाही ससाच दिसतो, मात्र तो उखळात भात कांडत असतो. 'शशांक' या शब्दाची फोड मी वीस वर्षे वर्गात करीत आलो आहे. क्योटोच्या वाटाड्या बाईंना ती सांगितली तेव्हा त्यांनी वहीत टिपून घेतली. वर्गात हे भाग्य क्वचित!

लाल पानांच्या दिवसांत क्योटोत पाय ठेवायला जागा नसते. गिओन भागातल्या खाजगी गल्ल्या २०२४ पासून प्रवाशांना बंद झाल्या आहेत. आत शिरल्यास दहा हजार येन दंडाची पाटी आहे. लोकांनी गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावावे आणि गावाने गप्प बसावे, असे किती दिवस चालणार? मी मंडळींना पहाटे पाचला उठवतो. सेइ शोनागोन नावाच्या दरबारी स्त्रीने हजार वर्षांपूर्वी प्रत्येक ऋतूला दिवसाचा एकेक प्रहर वाटून दिला आहे. शरदाला तिने दिली ती संध्याकाळ. पण ती चाळीस-चाळीसांच्या जथ्यांनी कधीच ताब्यात घेतली आहे. आम्हाला पहाट पुरते. कुरकुर होते, विशेषतः पुणेकरांची. तीही दव पडलेल्या पानांपाशी थांबते.

हिवाळ्यात शिराकावा-गो. तिथली घरे उतरत्या छपरांची, जोडलेल्या हातांसारखी; 'गाश्शो' या नावाचा अर्थही तोच. १९९५ साली ती जागतिक वारसा ठरली. गेल्या खेपेला आमच्यात राजापूरकडचे एक सत्तरीचे गृहस्थ होते. आठवडाभर त्यांनी कशाचेच कौतुक केले नव्हते. एका घराच्या माळ्यावर चढलो, आणि त्यांनी छपराच्या वाशांवरून हात फिरवला. एकही खिळा नव्हता. सगळे दोराने बांधलेले.

"दोर कशाचा, विचारा."

घराच्या म्हाताऱ्या मालकांनी सांगितले, भाताच्या पेंढ्याचा.

"शाकारणी किती वर्षांनी?"

तीस-चाळीस वर्षांनी, आणि मग सारा गाव मदतीला येतो. गृहस्थ खालीच बसले. आमच्याकडे दर वर्षी मिरगाच्या आधी, ते म्हणाले. आता घरावर पत्रे आले. खाली चूल पेटती ठेवता का? ठेवतो, धुराने गवताला कीड लागत नाही. तेच, तेच, आमची आजी तेच सांगायची! मग दोघे दुभाष्याची वाट न पाहता, एक मराठीत आणि एक जपानीत, गाठ कशी मारायची ते एकमेकांना हातांनी दाखवू लागले. खाली बस उभी होती. वाटाड्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिले आणि मग पाहणे सोडून दिले. बस चार मिनिटे उशिरा सुटली. चालकाने ती चार मिनिटे आपल्या नोंदवहीत लिहून ठेवली.