भोंगा वाजतो तेव्हा शरीरात काय होते

दक्षिण इस्रायलमधले स्देरोत हे छोटे शहर गाझाच्या सीमेपासून एक-दोन किलोमीटरवर आहे. २००१ पासून दोन दशकांहून अधिक काळ तिथे गाझातून रॉकेटे येऊन पडत राहिली. रॉकेट सुटल्याचे टिपले गेले की भोंग्यांवरून 'त्सेवा आदोम', म्हणजे 'लाल रंग', असे शब्द घुमतात. त्यानंतर आडोसा गाठायला साधारण १५ सेकंद मिळतात. (पूर्वी ही सूचना 'शाहर आदोम', म्हणजे 'लाल पहाट', अशी होती. शाहर हे तिकडे मुलामुलींचे नावही असते. त्या नावाच्या एका लहान मुलीची कुचंबणा झाली म्हणून शब्द बदलले, असे सांगतात.)

पंधरा सेकंद म्हणजे दोन-तीन श्वास घेऊन चप्पल शोधेपर्यंतचा वेळ. त्यामुळे तिथल्या लोकांनी सगळे जगणेच त्या मापात बसवले. गाडी चालवताना पट्टा लावायचा नाही, कारण तो सोडण्यात वेळ जातो. गाडीतला रेडिओ हळू ठेवायचा. न्हाणीघरात रेंगाळायचे नाही. दोन लहान मुले असलेल्या आईने आधी कोणाला उचलायचे, हे भोंगा वाजण्यापूर्वीच ठरवून ठेवायचे. बसथांबे काँक्रीटचे झाले. मुलांच्या बागेत सुरवंटाच्या आकाराच्या रंगीत नळ्या आहेत. त्या खेळण्यासाठी आहेत आणि लपण्यासाठीही.

शरीराच्या बाजूने पाहिले तर ही यंत्रणा आपल्या सर्वांकडे आहे. अचानक आलेला कर्कश आवाज मेंदूतल्या अमिग्डालापर्यंत क्षणार्धात पोहोचतो. विचार करणारा मेंदू जागा होण्याआधीच अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, पोटाकडचे रक्त पायांकडे वळते. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल वाढते. धोका टळला की सारे पूर्ववत व्हावे, अशी ही रचना आहे. पण धोका दिवसातून चार वेळा आला, किंवा आज येईल की महिन्याने हे कळत नसेल, तर पूर्ववत व्हायला उसंतच मिळत नाही. मग मोटारसायकलचा आवाज, दार आपटणे, कुणी ध्वनिक्षेपक चालू करणे, एवढ्यानेही शरीर धावायला तयार होते.

रॉकेटहल्ल्याची बातमी देताना मृत आणि जखमींची संख्या दिली जाते. वैद्यकाच्या दृष्टीने हा हिशोब अपुरा आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने इस्रायलवर सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रे सोडली. थेट स्फोटाने दगावलेले अगदी थोडे होते. मात्र रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या हजारभर लोकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना स्फोटाची इजा झालेलीच नव्हती. काहींना तीव्र भीतीचा झटका आला होता, काही आडोशाकडे धावताना पडले होते. दोनशेहून अधिक लोकांनी विषारी वायूच्या धास्तीने अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन स्वतःला विनाकारण टोचून घेतले होते. वायुरोधक मुखवटा नीट न वापरल्याने गुदमरून गेलेलेही होते. पहिल्या हल्ल्याच्या दिवशी, १८ जानेवारीला, देशातले एकूण मृत्यू अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त भरले. हे पुढे आकडेवारी तपासल्यावर लक्षात आले. वाढ मुख्यत्वे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत होती, आणि स्त्रियांमध्ये अधिक. पुढच्या हल्ल्यांत मात्र ही वाढ दिसली नाही. क्षेपणास्त्रे येतच होती, पण लोकांना काय करायचे ते कळले होते.

तेव्हा माणूस सरावतो, हे खरे. पण ते युद्ध सहा आठवड्यांत संपले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या धोक्याची गोष्ट निराळी आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्देरोतमधल्या गर्भवतींची तुलना रॉकेटच्या टप्प्याबाहेरच्या किर्यात गात या शहरातल्या गर्भवतींशी केली होती. आपोआप गर्भपात होण्याचे प्रमाण स्देरोतमध्ये ६.९ टक्के, तर किर्यात गातमध्ये ४.७ टक्के निघाले. एका अभ्यासावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तरी रॉकेटबळींच्या कोणत्याही यादीत न येणारे हे नुकसान असू शकते, एवढे म्हणायला जागा आहे.

मग हा भोंगा तापदायक म्हणायचा की तारक? एक जुना प्रयोग इथे उपयोगी पडतो. जे वाइस या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या सुमारास उंदरांना विजेचे धक्के दिले. दोन गटांना धक्के सारखेच होते, पण एका गटाला आधी इशारा मिळे. इशारा न मिळालेल्यांच्या जठरात कितीतरी अधिक व्रण झाले. इशारा वाजतो तेव्हा धोका कळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो वाजत नाही तेव्हा निर्धास्त राहता येते.

मिळणारा वेळ अंतरावर अवलंबून असतो. गाझाच्या रॉकेटांसाठी अश्केलॉनला ३० सेकंद, अश्दोदला ४५, बीरशेबाला ६० असा हिशोब धरला जाई. अश्दोद आणि बीरशेबा भागात कोकणातून गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांची जुनी वस्ती आहे. या सेकंदांचा उपयोग धावू शकणाऱ्याला. मे २०२१ मध्ये अश्केलॉनला एका वृद्धेची देखभाल करणारी केरळची महिला रॉकेटने मरण पावली, वृद्धा जखमी झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरातच सुरक्षित खोली नसेल, तर ३० सेकंद असून नसल्यासारखेच.

सीमेपलीकडे गाझात तर ना भोंगे आहेत, ना सार्वजनिक निवारे. तिथे इस्रायली विमानांचे बॉम्ब पडतात, आणि गाझातून सुटलेली काही रॉकेटे आखूड पडून तिथेच फुटलेली आहेत. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या गुणगुणीला तिथले लोक 'झनाना' म्हणतात. हा आवाज धोका आहे एवढेच सांगतो, धोका कधी नाही ते सांगत नाही. वाइसच्या प्रयोगातल्या दुसऱ्या गटाची ही स्थिती आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथे हजारो मुलांसह किती माणसे मेली ते जगाला ठाऊक आहे.

आघातानंतरच्या ताणविकाराचे नेहमीचे निदान इथे नीट बसत नाही. त्यातला 'नंतर' हा शब्दच अडचणीचा आहे, कारण नंतर येतच नाही, असे पॅलेस्टिनी मनोविकारतज्ज्ञ डॉ. समाह जब्र सांगत आल्या आहेत. स्देरोतमध्ये काम करणाऱ्या इस्रायली अभ्यासकांनीही 'चालू असलेल्या आघाताची प्रतिक्रिया' असे वेगळे नाव सुचवले आहे. हा फरक उपचारात दिसतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला 'आता तू सुरक्षित आहेस' हे पटवता येते. बूट घालून झोपणाऱ्या आईला तसे सांगणे खोटे ठरेल. तिची सावधगिरी म्हणजे आजार नव्हे.

स्देरोतच्या बालवाड्यांत यावर एक साधा उपाय रुजला. भोंगा वाजला की मुलांनी ठरलेले गाणे म्हणत आडोशाला जायचे. धमाका झाल्यावर हातपाय झटकायचे, खोल श्वास घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. दीर्घ उच्छ्वासाने व्हेगस मज्जातंतू नाडी खाली आणतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना ते समजावून सांगायची गरज पडत नाही. गाणे शिकवणाऱ्या बाईंची नाडीही त्या वेळी तेवढीच धडधडत असते आणि त्या मुलांबरोबरच श्वास सोडतात.