पिल्लू दिसेल ते चावतंय अन् पोट बिघडलंय? घरी थांबायचं कधी, दवाखाना गाठायचा कधी

छत्रपती संभाजीनगर : चपलेचा पट्टा, चार्जरची वायर, पायपुसणं, कुंडीतली माती... घरात आलेलं नवं पिल्लू पहिले काही महिने यातलं काहीच सोडत नाही. मग एखाद्या सकाळी उलटी होते, शी पातळ होते आणि घरातच निदान होतं, ‘काहीतरी खाल्लं असेल, होईल बरं.’ बऱ्याचदा ते बरं होतंही. पण पिल्लाच्या जिवावर बेततं ते याच वाक्यामुळे. कारण ‘पार्व्हो’ हा जीवघेणा विषाणूजन्य आजार सुरुवातीला अगदी असाच दिसतो.

पिल्लं एवढं चावतात का?

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. पैठणीचा पदर आणि जुनं फडकं यातला फरक त्याला कळत नाही, त्यामुळे रागावून उपयोग नसतो. वस्तू उचलून ठेवायच्या आणि चावायला गिळता येणार नाही एवढं मोठं रबरी खेळणं द्यायचं.

खरा धोका कशात?

चावण्यात नाही, गिळण्यात. पावसाळ्यात दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर भाजलेला मका खाऊन कणीस फेकून दिलं जातं. ते पचत नाही, आतड्यात अडकतं आणि अनेकदा ऑपरेशनच करावं लागतं. उन्हाळ्यात आंब्याची कोय तेच करते. संक्रांतीच्या सुमारास मांजा किंवा एरवी शिवणाचा दोरा पोटात गेला, तर तो आतडं कापू शकतो. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तरी ते ओढू नये. चॉकलेट, मनुका-द्राक्षं, कांदा-लसूण आणि झायलिटॉल असलेलं च्युइंगम तर विषच.

घरी काय करता येईल?

एक-दोनदा पातळ शी झाली, पण पिल्लू खेळतंय, पाणी पितंय आणि त्याची लस पूर्ण आहे, तर एखादा दिवस लक्ष ठेवता येतं. पाणी थोडं थोडं, पण वारंवार द्यावं. शहरातल्या अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे ड्रममध्ये साठवलेलं पाणीच पिल्लाच्या भांड्यात जातं. ते न देता घरची माणसं पितात तेच पाणी द्यावं आणि भांडं रोज घासावं. खायला मऊ भात आणि हाडं, कातडी, मीठ-मसाला नसलेलं उकडलेलं चिकन, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. मोठ्या कुत्र्यासारखं पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवू नये. लहान जिवाची साखर पटकन उतरते.

दूध मात्र बंद. आपल्याकडे पिल्लू म्हटलं की वाटीभर दूध पुढे येतंच; अनेक पिल्लांना गाईचं दूध पचत नाही आणि जुलाब वाढतात. घरच्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयोगही घातक ठरतो.

थांबायचं नाही ते कधी?

उलट्या थांबत नाहीत, शीमध्ये रक्त आहे किंवा तिला उग्र दुर्गंधी आहे, पिल्लू कोपऱ्यात पडून आहे, पोट फुगलंय, नुसतेच उबळ येऊन काही पडत नाही, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावं. हिरड्या कोरड्या किंवा पांढुरक्या दिसणं, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळू खाली बसणं म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ही अवस्था काही तासांत येते. लस अपुरी असेल तर साध्या जुलाबालाही ‘बघू उद्या’ म्हणू नये.

पार्व्होचं गणित

१९७८ मध्ये ओळख पटलेला हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, बुटांच्या तळव्यांवरून घरात येतो. जानेवारी २०२१ मध्ये अमरावतीत त्याचे रुग्ण वाढल्याच्या बातम्या आल्या होत्या. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते आणि लसीने आलेली पुरेशी तयार झालेली नसते, त्या मधल्या काळात पिल्लू उघडं पडतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत डोस असतात. एक इंजेक्शन झालं म्हणजे काम झालं, हा समज महागात पडतो. जंताचं औषधही दोन आठवड्यांच्या वयापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी लागतं.

दवाखान्यात जाताना लसीचं कार्ड, शीचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि पिल्लाने कुरतडलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा सोबत न्यावा. किती गिळलं असेल, याचा अंदाज डॉक्टरांना त्या तुकड्यावरूनच येतो.