दुसऱ्या गावची किल्ली

पुराची वार्ता आली की सायखेड्याच्या पेठेत आधी वह्या हलत, मग माल. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याचे कळताच मुनीमजी लाल कापडात बांधलेल्या खातेवह्या उचलून माडीवर नेत. ज्यांना माडी नसे ते उंचावरच्या सोयऱ्याकडे त्या पोहोचवून येत. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात व पैलतीरावरच्या चांदोरीत शिरले, हे या भागातील वाचकांना मी सांगायला नको. माल भिजला तर एका हंगामाचे नुकसान होते. उधारीची नोंद गेली तर व्यापाऱ्याजवळ केवळ स्मरणशक्ती उरते, आणि स्मरणशक्तीच्या आधारावर वसुली होत नसते.

या पेठेतील माझ्या एका जुन्या स्नेह्यांच्या पेढीवर काही वर्षांपूर्वी पाण्यावाचून पूर आला. त्यांचा व्यवहार कांद्याचा आणि खते-बियाण्यांचा. थोरले चिरंजीव सायखेड्याच्या उपबाजारात लिलावास उभे राहतात, धाकटे लासलगावी. सूनबाई नाशिकहून जीएसटीची विवरणपत्रे भरतात आणि पुण्यात नोकरी करणारा पुतण्या रात्री बसून बँकेचा मेळ घालतो. मोठ्या कंपन्यांना २०२० च्या टाळेबंदीत विखुरलेल्या कर्मचारीवर्गाचा प्रश्न नव्याने पडला. आपल्या व्यापारी कुटुंबांत तो पिढ्यानपिढ्या आहे. फरक इतकाच, की पूर्वी वही एका जागी असे आणि माणसे तिच्याकडे येत. आता माणसे जागच्या जागी असतात आणि वहीलाच सर्वांकडे जावे लागते.

त्याच टाळेबंदीत, घरबसल्या पेढीवरचा संगणक उघडता यावा म्हणून, एका संगणक-दुरुस्ती करणाऱ्याने इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट मोकळी करून दिली. पासवर्ड म्हणजे पेढीचे नाव आणि पुढे १२३. तो चौघांत एकच. टाळेबंदी उठली, वाट मात्र तशीच राहिली. अशा उघड्या वाटा शोधणारी यंत्रे जगभर अहोरात्र फिरत असतात; त्यांना सायखेडा कोठे आहे हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. एका सकाळी हिशेबाची एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती: फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असल्यास बिटकॉइनमध्ये रक्कम भरावी. रोज रात्री ज्या पेनड्राइव्हवर प्रत घेतली जाई तो त्याच संगणकाला कायमचा जोडलेला होता. त्यामुळे प्रतही त्याच कुलपात गेली.

स्नेह्यांनी मला दूरध्वनी केला तो पैसे द्यावेत की नाही हे विचारण्यासाठी. मी नको म्हणालो. किल्ली मिळेलच याची शाश्वती नाही, आणि एकदा देणारा म्हणून नाव झाले की मागणारे पुन्हा येतात. तरी हे सांगताना माझा आवाज फारसा ठाम नव्हता, हे येथे कबूल करतो. हंगाम चालू होता. शेतकऱ्याचे पैसे थकवून लिलावात उभे राहता येत नाही.

बँकेतील अडतीस वर्षांत मी ज्या शिस्तीला कंटाळलो होतो, तिचा अर्थ मला त्या आठवड्यात नव्याने उमगला. तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात; एकट्याने ती उघडतच नाही. व्यवहाराची नोंद करणारा एक, तपासून मान्य करणारा दुसरा. किल्ली कोणी, कोणत्या वेळी घेतली याची नोंदवही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किल्ल्यांचा दुसरा जोड मोहोरबंद करून त्याच शाखेत ठेवायचा नाही, दुसऱ्या शाखेत ठेवायचा. तरुणपणी असा जोड घेऊन बसने दुसऱ्या गावी जाताना मला हा केवळ कागदी खटाटोप वाटे. स्नेह्यांच्या पेनड्राइव्हची हकिकत ऐकताना तो बसचा प्रवास आठवला.

आता ज्याला क्लाउडवरील सुरक्षा म्हणतात तिच्याकडे वळू. ढग हा शब्द आपल्याकडे पुराची आठवण देतो. पण येथे आकाशात काहीच नाही. कोणाच्या तरी मालकीची, पहाऱ्यात ठेवलेली संगणकांची भली मोठी केंद्रे म्हणजे क्लाउड. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात अशी केंद्रे सुरू केली, त्यांत पुणे व मुंबई होती. अ‍ॅमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ ची. म्हणजे आपली वही ढगात ठेवली असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुधा कसारा घाटाच्या किंवा चाकणच्या पलीकडेच असते.

जुनी सुरक्षा वाड्यासारखी होती. भोवती भिंत, एक दिंडी दरवाजा, दारावर पहारेकरी. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे तर व्हीपीएन नावाचा भुयारी मार्ग काढायचा. यात दोन अडचणी. एक, पुण्याच्या पुतण्याला बँकेचे पान जरी उघडायचे असले तरी त्याची वाहतूक आधी सायखेड्याच्या दुबळ्या जोडणीवरून जायची आणि मग बाहेर पडायची. दुसरी अडचण मोठी: भुयारातून आत आलेल्याला सारा वाडा मोकळा. चोराच्या हाती एका माणसाचा पासवर्ड लागला, की देवघरापासून कोठारापर्यंत सर्व त्याचे.

नव्या पद्धतीत पहारेकरी वाड्याच्या दारावरून उठून माणसाच्या वाटेवर उभा राहतो. लासलगावचे धाकटे चिरंजीव मोबाइल उघडतात तेव्हा त्यांची जोडणी प्रथम जवळच्या क्लाउड केंद्रातील चौकीवर जाते. तेथे माणूस तोच का, दुसरी खूण जुळते का, उपकरण पेढीचे आणि अद्ययावत आहे का, हे पाहिले जाते, आणि मग त्यांना खरेदीचे पान तेवढे उघडते, बँकेचे नाही. दर वेळी तपासणी, ओळखीच्यालाही. जॉन किंडरवाग यांनी २०१० मध्ये या विचाराला ‘झिरो ट्रस्ट’, म्हणजे शून्य विश्वास, असे नाव दिले. गूगलने आपल्यावरील २००९ च्या हल्ल्यानंतर स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच रचना उभारली. पहारा आणि जोडणी दोन्ही क्लाउडमधूनच पुरवण्याच्या सेवेला २०१९ पासून ‘सॅसी’ म्हणू लागले. शून्य विश्वास हे नाव आपल्या कानाला कठोर लागते, कारण आपला व्यापार जबानीवर उभा राहिला. मला यापेक्षा आपला ‘जयणा’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पाऊल टाकण्यापूर्वी जमिनीकडे पाहणारा साधक जमिनीवर अविश्वास दाखवीत नसतो.

भिंतीच्या आत एकदा शत्रू शिरला तर काय घडते याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममधून आलेली विचारणा बँकेच्या मूळ हिशेब-प्रणालीकडे जाऊन तेथून होकार यावा, अशी रीत असते. चोरांनी मध्येच एक बनावट प्रणाली बसवली. विचारणा खऱ्या खात्यापर्यंत पोहोचलीच नाही, आणि बनावट कार्डांना बनावट होकार मिळत गेले. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून आणि आपल्या कोल्हापूरसारख्या शहरांतूनही चौदा हजारांहून अधिक व्यवहार झाले. सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. भुर्दंड बँकेचा झाला. ठेवीदारांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, असे बँकेने स्पष्ट केले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. ती प्रामुख्याने पैसे काढणारी माणसे. माझ्यासारख्या जुन्या बँकरला रक्कमेपेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोचते: नोंद करणारा आणि मान्यता देणारा, दोन्ही आवाज एकाच चोराच्या मुखातून येत होते.

दुसरे उदाहरण आपल्या कांदा-द्राक्षांच्या वाटेवरचे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पाडले, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. शिरकाव झाला होता युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून, म्हणजे ज्याला आपण अपडेट म्हणतो त्यातून. मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. या सर्व संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या मुख्य नोंदीच्या जगभरच्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या असल्यामुळे एकाच वेळी नष्ट झाल्या होत्या. एकच प्रत वाचली, आफ्रिकेतील घाना देशातल्या कार्यालयात. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती. भारनियमनाला आयुष्यभर नावे ठेवलेल्या आपण निफाड तालुक्यातील मंडळींनी ही गोष्ट एकदा तरी हसून वाचावी.

या गोष्टीतच क्लाउडच्या भक्तांसाठीही काही आहे. पहारा एका ठिकाणी सोपवला, की तो पहारेकरी आजारी पडल्यास सर्वांचीच दारे अडतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सी-एज या तंत्रसेवा कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांना राष्ट्रीय पेमेंट जाळ्यापासून तात्पुरते अलग करावे लागले. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. तरीही माझे मत क्लाउडच्या बाजूचे आहे, कारण पेढीच्या माडीवर रात्रभर जागणारा तज्ज्ञ आपण ठेवू शकत नाही, आणि ते करू शकतात. फक्त सर्वच त्यांच्यावर सोपवू नये.

आपल्यासारख्या पाच-दहा माणसांच्या पेढीला मोठ्या कंपन्यांची संपूर्ण ‘सॅसी’ लागतेच असे नाही. माणशी दरमहा आकारणी असते, विक्रेता सांगेल तेवढे घेऊ नये. मी स्नेह्यांना जे करायला लावले ते याहून साधे होते. इंटरनेटवरून थेट आत येण्याची ती वाट प्रथम बंद. चौघांना चार स्वतंत्र खाती, प्रत्येकाला त्याच्या कामापुरते दालन. पासवर्डखेरीज मोबाइलवरची दुसरी खूण सक्तीची, म्हणजे तिजोरीची दुसरी किल्लीच. हिशेबाची प्रत रोज क्लाउडवर, आणि तीही अशा सेवेत जी महिनाभराच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवते. कारण आजच्या बिघडलेल्या फाइलने कालची चांगली पुसून टाकली, तर त्या प्रतीचा उपयोग शून्य. शिवाय आठवड्यातून एकदा प्रत घेऊन लगेच सोडवून ठेवलेली एक डिस्क, सूनबाईंच्या माहेरी, येवल्याला. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत खरोखर उघडते का हे पाहणे. बँकेत आम्ही दुसऱ्या जोडाच्या किल्ल्या ठरावीक मुदतीने आणून कुलूप लावून पाहत असू, तसे.

एका गोष्टीवर मात्र आमचा वाद झाला. क्लाउडचे मुख्य खाते त्या दुरुस्तीवाल्याच्याच मोबाइल क्रमांकावर आणि ई-मेलवर उघडलेले होते. “तो घरचाच आहे,” स्नेही म्हणाले. मी त्यांना विचारले, दुकानाची सनद तुम्ही त्याच्या नावावर ठेवाल काय? मुख्य खाते पेढीच्या नावे असावे, त्याची परवली लिहून मोहोरबंद पाकिटात लॉकरमध्ये असावी, आणि दोन भागीदारांना ती ठाऊक असावी. मुनीमजी काम सोडून गेले की त्याच संध्याकाळी त्यांचे खाते बंद व्हावे. यात त्यांचा अपमान नाही, उलट पुढे काही घडल्यास त्यांच्यावर बोट उठत नाही. भाऊ वेगळे झाले किंवा घरातील कर्ता पुरुष अकस्मात गेला, तर वही कोणाच्या बोटाच्या ठशाने उघडेल, हा प्रश्न मी अनेक घरांत विचारला आहे. बहुतेकदा उत्तरादाखल शांतता मिळते.

तरीही आघात झालाच, तर पैशांच्या फसवणुकीत १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. संगणकावरील हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेस कळवावी, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, आणि तो केवळ बड्या कंपन्यांसाठी नाही. लाजेपोटी गप्प बसणाऱ्या पेढ्या मी पाहिल्या आहेत. पेठेत बोभाटा होईल ही भीती त्यांना चोरापेक्षा मोठी वाटते.

स्नेह्यांची वही शेवटी उभी राहिली ती दोन गोष्टींमुळे. मार्चअखेरची एक फाइल सूनबाईंनी सीएंना ई-मेलने पाठवली होती. ती त्या पत्रात सुखरूप होती. आणि वृद्ध मुनीमजी, सर्वांनी हसून सोडून दिलेली सवय म्हणून, कांद्याचा रोजमेळ अजूनही हाताने लिहीत होते. या दोहोंच्या आधारे एकोणीस दिवस बसून त्यांनी खाती जुळवली. खते-बियाण्यांच्या चालू हंगामातील उधारीला मात्र कोणताच आधार नव्हता. तेव्हा त्यांनी ग्राहकांना सरळ सांगितले, आमची नोंद गेली आहे, आपल्याकडे किती येणे आहे ते आपणच सांगा. चांदोरी, करंजगाव, शिंगवे अशा गावांतून शेतकरी येत राहिले. कोणी पावती आणली, कोणी नुसता आकडा सांगितला, एकाने तर घरातील भिंतीवर कोळशाने मांडलेल्या रेघांचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले. काही आले नाहीत. ते कोण हे मी स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, “संवत्सरी होऊन गेली, आता ती यादी नाही.”