दिवेलागणीनंतरचं पुस्तक

गेल्या महिन्यात आलेल्या तुमच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. 'तुम्ही पुस्तकांची नावं सुचवता खरी, पण वाचायला वेळ कुठून आणायचा?' तक्रार अगदी रास्त आहे. माझी स्वतःची सकाळ डबे भरण्यात, दुपार शाळेच्या तासांत आणि संध्याकाळ मुलांच्या गृहपाठात जाते. मग मला वेळ मिळाला कसा? हसू नका, बिबट्यामुळे!

आमचं पारगाव म्हणजे साखर कारखान्याचं गाव. जिकडे पाहावं तिकडे ऊस, आणि त्या उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावच्या आम्हा बायकांना हे काही नवीन नाही. दिवस मावळला की मुलं घरात, दाराला कडी. मग टीव्हीवरून भांडणं. शेवटी एके दिवशी मी टीव्ही बंद केला आणि शेंगा फोडत बसलेल्या सगळ्यांना म्हटलं, "तुमचे हात चालू द्या, मी वाचते." रोज फक्त वीस मिनिटं. पहिलं पुस्तक निवडलं रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'.

हे पुस्तक १९१० साली निघालं. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जड जातात, पण नेटानं पुढं जा. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या. अक्षरओळखसुद्धा नव्हती. न्यायमूर्तींनी स्वतः शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या थोरल्या बायकांचं बिनसलं. टोमणे, अबोला, सगळं झालं. इंग्रजी शिकायला लागल्यावर तर फारच. रमाबाईंनी ते सोसलं, नवऱ्याकडे गाऱ्हाणं न नेता सोसलं, आणि शिकणं मात्र सोडलं नाही. पुढं हीच बाई पुण्याच्या सेवासदनाची आधारस्तंभ झाली.

हा अबोल्याचा भाग मी वाचत होते, तेव्हा माझ्या सासूबाईंचे हात थांबले. त्यांना मी आत्या म्हणते. म्हणाल्या, "थांबलीस का? वाच पुढं."

रात्री दाराची कडी लावताना त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या ट्रंकेतली पुस्तकं उंदरांनी नव्हती गं खाल्ली. मीच दिली रद्दीवाल्याला. म्हटलं, सून पुस्तकात डोकं घालून बसली तर घर कोण बघंल?"

मैत्रिणींनो, लग्नात मी माहेरून ट्रंकभर पुस्तकं आणली होती. बीएची, बक्षिसात मिळालेली, वडिलांनी नाव घालून दिलेली. पहिल्याच दिवाळीच्या आवराआवरीत ती नाहीशी झाली. चौदा वर्षं मी उंदरांना शिव्या घालत होते! खोटं कशाला बोलू, मला राग आला. वडिलांचं अक्षर काही परत यायचं नाही. मी काहीच बोलले नाही. आत्या तशाच उभ्या. मग विचारलं, "त्या बाईला तिच्या घरच्यांनी पुढं बरं म्हटलं का?" मी म्हटलं, "उद्या वाचू या की."

राग अजून पुरता गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी दिवा लावल्यावर शेंगांचं सूप घेऊन आत्याच आधी बसल्या. तेव्हा एक गोष्ट मला उमगली, ती तुम्हाला सांगते. आपण एकटीनं कोपऱ्यात बसून वाचलं की घराला वाटतं, ही आपल्यापासून दूर चालली. तेच घराला वाचून दाखवलं की पुस्तक घराचं होतं. मग आपल्यालाही चार पानं एकटीनं वाचायची मुभा मिळते.

मोठ्यानं वाचायला आणखी काही पुस्तकं सुचवते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं निघाली. दुःखाचे डोंगर आहेत, पण सांगणारी इतकी मिस्कील की हसता हसता डोळे पुसावे लागतात.

मुली बारा-चौदा वर्षांच्या असतील तर शांता शेळके यांनी मराठीत आणलेली 'चौघीजणी' घ्या. मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेचं. चार बहिणी आणि त्यांची आई. आपल्याच वाड्यातल्या वाटतात. शांताबाईंचं बालपण आमच्या मंचर-खेड भागात गेलं. त्यांच्या आठवणींचं 'धूळपाटी' मी स्वतःसाठी राखून ठेवलं आहे.

लहान मुलांसाठी अनिल अवचटांचं 'सृष्टीत... गोष्टीत'. याला २०१० चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अवचट जन्मले आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, ओतूरला.

आणि लोकसाहित्याची आवड असेल तर डॉ. तारा भवाळकर यांचं 'सीतायन' शोधा. २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांनी सीतेचं दुःख कसं आपलं मानलं, हे त्यांच्याकडून समजून घ्यावं. नाव काढताच आत्यांनी दोन ओव्या म्हणून दाखवल्या. चौदा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं!

सगळी पुस्तकं विकत घ्यायला हवीत असं नाही. तालुक्याच्या गावी बहुधा सार्वजनिक ग्रंथालय असतंच. बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीबरोबर एक पुस्तक येऊ द्या. फक्त मेथीच्या जुडीखाली ठेवू नका, ओल लागते.

जाता जाता थोडं पुस्तकांच्या निगेविषयी. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर घालावं. पावसाळा सरला की पुस्तकं सावलीत वारा लागेल अशी उघडून ठेवावीत, कडक उन्हात नको, पानं पिवळी पडतात. कपाटात सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा आणि दर दोन महिन्यांनी बदलावा. हळदीच्या हातानं पान उलटू नये. आणि पहिल्या पानावर आपलं नाव ठळक घालावं, म्हणजे रद्दीवाल्यालाही दोनदा विचारावंसं वाटेल.

तुमच्या घरी मोठ्यानं काय वाचलं, ते मला जरूर लिहा. आणि ऐकणारं माणूस मध्येच काय म्हणालं, तेही लिहा.