घरची यंत्रे : निचऱ्याची नळी गोठते तेव्हा

कुक्करहळ्ळीच्या तळ्यावरून पहाटेचा गार वारा सुटला की आमच्या सरस्वतीपुरमातील वृद्ध मंडळी कानटोपी चढवूनच फिरावयास निघतात. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या म्हैसूरची थंडी ती एवढीच. ऐन जानेवारीतही येथे अंगणातल्या बादलीतले पाणी गोठत नाही. असे असता निचऱ्याची नळी गोठल्याची तक्रार या सदरात कशी आली, असे आपणांस वाटेल. ती आली आमच्या मुलीच्या फोनवरून.

मुलगी असते कॅनडात, गव्हाच्या सपाट प्रदेशात. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंतही उतरतो. घरात चार महिन्यांचे मूल. एका रात्री ती म्हणाली, “आई, खिडकीतल्या यंत्राची नळी बर्फाने बुजली आहे आणि पाणी भिंतीवर उतरते आहे. मी यंत्र बंद करून तोंडाशी टॉवेल कोंबला आहे.” भिंतीचे मला फारसे वाटले नाही, टॉवेलाचे मात्र वाटले. आठवड्याभरात काचांवरून ओघळ वाहू लागले आणि पाळण्यामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसू लागली. ओल आणि बुरशी तान्ह्या मुलाच्या श्वासाला बाधक असतात. म्हणून हा प्रश्न केवळ यंत्राचा नव्हे, घरातल्या हवेचा आहे.

प्रथम हे पाणी येते कोठून ते पाहू. थंड देशात दारे-खिडक्या घट्ट मिटलेल्या असतात. आपला श्वास, स्वयंपाक, स्नान, वाळत घातलेले कपडे यांची वाफ आतच राहते. ती बाहेर घालवावी, ताजी हवा आत घ्यावी, पण ऊब वाया जाऊ नये, यासाठी हे यंत्र असते. त्यात बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात. एकीची ऊब दुसरीस मिळते, पण हवा मिसळत नाही. १९७७ मध्ये कॅनडातील रेजायना येथे बांधलेल्या सॅस्कॅचवन कॉन्झर्व्हेशन हाउस या प्रयोगघरात अशीच योजना केली होती.

आता हवा जितकी गार, तितकी तिची वाफ धरण्याची शक्ती कमी. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ राहते. शून्य अंशावर ५ ग्रॅमही राहत नाही. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव धरते, तसे यंत्राच्या आत पाणी सुटते. ते थेंबाथेंबाने नळीकडे येते. धारेने येते तर निसटून गेले असते; पण रेंगाळणारा थेंब गार नळीत जागीच थिजतो, त्यावर दुसरा बसतो, आणि पाहता पाहता बूच तयार होते. शिवाय पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, त्यामुळे नळी तडकण्याचेही भय असते.

याला उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

नळीचा बाहेर राहणारा भाग शक्य तितका आखूड, सरळ आणि रुंद ठेवावा. उतार अखंड असावा. मीटरमागे दोन सेंटिमीटर पुरेत. मध्ये झोळ पडला की तेथे पाणी साचते आणि गोठणे तेथूनच सुरू होते.

नळीतून उलट वारा आत शिरू नये म्हणून पाणी धरणारे वळण द्यावयाचे असेल तर ते खोलीच्या उबेत द्यावे, बाहेर कदापि देऊ नये.

बाहेरच्या भागास उष्णतारोधक वेष्टन घालावे. कडाक्याच्या प्रदेशात केवळ वेष्टनाने भागत नाही, कारण ते थंडी लांबवते, थांबवत नाही. तेथे नळीसाठीच बनवलेली, स्वतःची ऊब आवरणारी विजेची तार जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावी.

फिल्टर वेळेवर धुवावेत. बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर तुंबला तर आतली ऊब यंत्रास पोहोचत नाही आणि ते लवकर गोठते. यंत्रात बर्फ उतरवण्याची स्वयंचलित सोय असेल तर ती चालू आहे याची हिवाळ्याआधी खात्री करावी.

आणि नळी गोठलीच तर? प्रथम वीज बंद करावी. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके नळीभोवती धरावे. उकळते पाणी ओतू नये, चाकूने टोचू नये, मिठाचे पाणी घालू नये. मिठाने धातू खातो. आणि पाणी वाहते झाले की यंत्र पुन्हा सुरू करावे, बुजवून ठेवू नये.

आता आपल्या घराकडे वळू. म्हैसुरात हिम पडत नसले तरी खिडकीतल्या एसीच्या आत बर्फ धरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिल्टर धुळीने माखला, वायू कमी झाला, किंवा गार रात्रीही यंत्र नेटाने चालवले, की आतली जाळी शून्याखाली जाते. सकाळी बर्फ वितळतो आणि पाणी गादीवर टपकते. अशा वेळी थंडाई थांबवून नुसता पंखा चालवावा, बर्फ पूर्ण उतरू द्यावा, फिल्टर धुवावा. तरीही बर्फ धरला तर कारागिरास बोलवावे. यंत्राची मागची बाजू किंचित खाली असावी. २०२० पासून नव्या तारांकित एसींमध्ये २४ अंश ही मूळ योजना ठेवणे बंधनकारक झाले. ती सहसा बदलू नये. बाहेर कोठे पाणी साचत असेल तर ते आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकावे. डेंगीच्या डासांना तेवढे पाणी पुरते.

मुलीकडची नळी तपासली तेव्हा दोष सापडला तो लहानसाच. बसवणाऱ्याने बाहेर सुबक वळण काढले होते, दिसावयास नीट, पण थेंबांस अडवणारे. ते काढून सरळ उतार दिला, बुरशी पुसली, पाळणा भिंतीपासून दूर सरकवला. त्यानंतर थंडी तेवढीच राहिली, पण नळी वाहती राहिली.

घरातले पाणी असो वा वारा, त्याला बाहेर जाण्याची वाट मोकळी हवी. ती वाट वर्षातून दोनदा तरी स्वतः डोळ्यांनी पाहावी, एवढीच विनंती.