दर्जा खुर्चीचा की इमारतीचा?

जुन्या गोव्याची सहल करून आलेले आमच्या शहापूर-मुरबाडकडचे लोक ठामपणे सांगतात, "बॅसिलिका म्हणजे कॅथेड्रलच्या वरची." मंडळी, हे साफ चूक आहे. बिशपचं आसन जिथे, ते कॅथेड्रल. मग इमारत लहान का असेना. बॅसिलिका हा पोपनी दिलेला मान. गोव्याच्या बॉम जेझसला तो १९४६ साली मिळाला, वांद्र्याच्या माउंट मेरीला १९५४ साली. तरी गोव्याच्या आर्चबिशपचं आसन समोरच्या से कॅथेड्रलमध्येच आहे. खुद्द रोममध्ये पोपचं कॅथेड्रल सेंट पीटर नव्हे, लॅटरनचं सेंट जॉन!

शिवाय हा मान नुसता मिरवायचा नसतो. तिथली उपासना इतर चर्चना आदर्श वाटावी, अशी अपेक्षा त्यासोबत येते. आपल्याकडे उलटंच. देवस्थानाला तीर्थक्षेत्राचा 'क' वर्ग मिळाला की आधी पुढाऱ्यांचे फलक, मग कमान, आणि भाविकांच्या पिण्याच्या पाण्याची सोय सगळ्यात शेवटी.

पहिल्या बाकावर बसवलं म्हणून पोरगं हुशार होत नाही, हे मास्तर म्हणून सांगतो. दर्जा मागण्याआधी तो पेलायचा कसा, ते ठरवा. पटतंय का बघा.